रेडिओ बंद केल्यानंतर

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा एक मराठी कार्यक्रम प्रसारित होत असे. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० निवडक गावांत त्या वेळी वीस-वीस माणसे रेडिओभोवती जमत. कार्यक्रम ऐकून झाला की रेडिओ बंद करायचा आणि जे ऐकले त्यावर आपापसात बोलायचे, असा नियम होता. शेती, आरोग्य, साक्षरता, गावाचा कारभार असे रोजच्या जगण्यातले विषय असत. काय पटले, काय पटले नाही, कोणती शंका उरली हे एकाने लिहून टपालाने पुण्याला पाठवायचे, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात रेडिओने त्याचे उत्तर द्यायचे.

एवढाच हा प्रयोग. प्रसारमाध्यमे आणि विकास या विषयावरच्या जगभरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख अजूनही सापडतो. ज्या जिल्ह्यांत तो झाला तिथे मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही. आज तो सांगण्याचे कारण असे की, पालकांसाठी मोबाइलवर चित्रफिती पाठवणाऱ्या शिक्षकांपासून ते शेतकऱ्यांसाठी ऑनलाइन वर्ग भरवणाऱ्या संस्थांपर्यंत सर्वांसमोर जो प्रश्न आहे, तो या प्रयोगाने पासष्टहून अधिक वर्षांपूर्वी नेमका विचारला होता आणि मोजूनही पाहिला होता. दूरवरून आलेला आवाज मोठ्या माणसांना काही शिकवतो का? शिकवत असेल, तर शिकणे नेमके केव्हा घडते: आवाज चालू असताना, की तो बंद झाल्यावर?

मोठ्या माणसांना शिकवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून आलेल्या माणसाला ना परीक्षेचा धाक, ना हजेरीचा. वर्गात त्याला उपयोगाचे काही मिळाले नाही तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही, इतके साधे आहे. पण रात्रीच्या शाळेत शिक्षक समोर असतो. डोळे मिटायला लागले, कपाळावर आठी पडली, की त्याला कळते आणि तो आपले बोलणे बदलतो. रेडिओवरच्या शिक्षकाला समोर फक्त मायक्रोफोन दिसतो. ऐकणाऱ्याला काही समजले नाही तर त्याने हात वर करायचा तरी कोणाला?

या अडचणीवर पहिला चांगला तोडगा निघाला तो कॅनडात. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून ऐकणाऱ्यांचे चर्चागट करून पाहिले होते, परंतु कॅनडातल्या शेतकऱ्यांची गरज वेगळी होती. प्रचंड मोठा देश, विरळ वस्ती, शेजाऱ्याचे घर मैलभर लांब आणि हिवाळ्याचे चार-पाच महिने शेतात काम नाही. तिथली प्रौढ शिक्षण संघटना, शेतकरी संघटनांचा महासंघ आणि सरकारी रेडिओ या तिघांनी मिळून १९४१ मध्ये ‘नॅशनल फार्म रेडिओ फोरम’ सुरू केला. हिवाळ्यात दर सोमवारी संध्याकाळी शेजारीपाजारी कोणाच्या तरी घरी जमत. विषयाची माहिती देणारी चार पानांची पुस्तिका आधीच टपालाने आलेली असे. ती वाचायची, कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, आणि त्यातून काही करण्यासारखे निघाले तर करायचे. गटाची मते प्रांताच्या कार्यालयाकडे जात आणि त्यांचा गोषवारा रेडिओवरून सांगितला जाई. कॉफी आणि गप्पा हा कार्यक्रमाचाच भाग होता. बैठक घरात असल्यामुळे बायका तिथे आपसूकच असत, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. १९४९च्या सुमारास असे सुमारे १६०० गट होते आणि त्यांत २७ हजारांच्या आसपास माणसे जमत. १९६५ पर्यंत हा उपक्रम चालला.

युनेस्कोने १९५४ मध्ये या उपक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आता प्रश्न असा होता की, जिथे बहुतेक शेतकऱ्यांना वाचता येत नाही आणि बहुतेक घरांत रेडिओ नाही, अशा देशात हे चालेल काय? भारताने तयारी दाखवली आणि पुणे केंद्र निवडले गेले. हे केंद्र तेव्हा अगदी कोवळे होते, २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले. ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक त्या वेळी जगदीशचंद्र माथुर होते. सनदी अधिकारी असले तरी हिंदी वाचकांना ते नाटककार म्हणून अधिक परिचित आहेत. माणसे एकत्र बसून ऐकतात तेव्हा काय होते याची त्यांना जाण असणे स्वाभाविक होते, असे आम्हाला वाटते.

काळही साधा नव्हता. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली होती आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन भडकले होते. सरकारी आवाजावर मराठी माणसाचा रोष असण्याचे ते दिवस. अशा वेळी पाच मराठी जिल्ह्यांतली गावे सरकारी रेडिओभोवती बसून खताच्या खड्ड्यावर चर्चा करीत होती.

गावातला रेडिओ

आज विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखवण्यासारखा तो रेडिओ होता. त्यात ट्रान्झिस्टर नव्हते, काचेचे व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हमधली तार तापवल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, म्हणून विजेचा मोठा भाग नुसता ती तार तापवण्यातच खर्ची पडतो. शिवाय बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन पुढे ओढून घेण्यासाठी बराच जास्त व्होल्टेज लागतो. खेड्यांत वीज जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे हा सगळा भार बॅटरीवर. तार तापवायला कमी व्होल्टेजची बॅटरी वेगळी आणि दुसऱ्या कामासाठी जास्त व्होल्टेजची वेगळी. बॅटरी महाग, जड, आणि संपली की तालुक्याला जाण्याशिवाय इलाज नाही. त्यामुळे रेडिओ ही घरात ठेवून एकट्याने ऐकण्याची वस्तू नव्हतीच. गावाचा एक सेट चावडीत, शाळेत किंवा देवळात ठेवलेला असे आणि तो लावण्याची जबाबदारी एखाद्याकडे असे. ऐकायचे म्हणजे सगळ्यांनी मिळूनच ऐकायचे. या अडचणीचा प्रयोगाला केवढा फायदा झाला, ते अडचण दूर झाल्यावर कळले.

प्रत्येक गावातल्या मंडळात साधारण वीस सभासद, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असत. (मूळ नाव ‘फोरम’, आपण त्यांना श्रोतृमंडळे म्हणू.) निमंत्रकाला लिहितावाचता येणे आवश्यक होते, कारण बैठकीचे टिपण त्यालाच करायचे असे. अशा कामाला गावात सहज सापडणारा माणूस म्हणजे प्राथमिक शिक्षक. सभासद वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या जातींचे, साक्षर आणि निरक्षर असे मिसळून घ्यावेत अशी अपेक्षा होती. १९५६ मधल्या खेड्यात असे वीस जण एका बैठकीवर बसून, पाळीपाळीने का होईना, बोलणार ही अपेक्षा वाटते तितकी छोटी नव्हती.

मोजायचे कसे?

हा प्रयोग नुसता उत्साहाने पार पाडून अहवाल छापायचा नव्हता, तो तपासायचाही होता. हे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आले आणि तिथे त्या वेळी पाहुणे प्राध्यापक म्हणून आलेल्या पॉल न्यूराथ यांनी ते पाहिले.

या माणसाविषयी थोडे सांगायला हवे. न्यूराथ मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९११चा. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८-३९ मध्ये त्यांना डाखाउ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत राहावे लागले. तिथून सुटून ते अमेरिकेत पोहोचले, आणि छावणीतल्या माणसांचा समाज कसा चालतो याच विषयावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. त्यांचे वडील ओटो न्यूराथ. आपल्या गणिताच्या पुस्तकात जो चित्रालेख असतो, ज्यात मोठी संख्या दाखवायला चित्र मोठे न काढता तेच चित्र अनेकदा काढतात, त्या पद्धतीला शिस्तबद्ध रूप देणारे ते गृहस्थ. व्हिएन्नातल्या सामान्य कामगारांना आकडेवारी कळावी म्हणून १९२०च्या दशकात त्यांनी तिथे एक संग्रहालयच उभारले होते. थोडक्यात, मोठ्या माणसांना शिकवायचे कसे हा विषय पॉल न्यूराथ यांच्या घरातलाच होता.

न्यूराथ यांच्यापुढची अडचण आपल्यालाही ओळखीची आहे. समजा, कार्यक्रम सुरू होण्याआधी गावकऱ्यांना काही प्रश्न विचारले, दहा आठवड्यांनी पुन्हा तेच विचारले, आणि बरोबर उत्तरे वाढली. याचे श्रेय रेडिओला द्यायचे का? मधल्या काळात ग्रामसेवकही येऊन गेला असेल. १९५२ पासून समूह विकास योजना चालू होतीच. आणि पहिल्यांदा विचारलेला प्रश्न स्वतःच काही शिकवून जातो: मुलाखत झाल्यावर माणूस घरी जाऊन शेजाऱ्याला विचारतोच की, “अरे, याचे उत्तर काय?” म्हणून जिथे श्रोतृमंडळ नाही अशीही काही गावे घेऊन त्यांनाही तेच प्रश्न दोन्ही वेळा विचारायला हवेत. न्यूराथ यांनी त्याहून एक पाऊल पुढे टाकले. बिनमंडळाच्या गावांचे त्यांनी दोन प्रकार केले. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. काहींत रेडिओही नव्हता.

या विभागणीतच सगळे मर्म आहे. मंडळ असलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांची नुसती तुलना केली असती, तर जे काही फरक दिसले ते रेडिओचे की चर्चेचे हे सांगताच आले नसते. रेडिओ आहे पण चर्चा नाही, असे मधले गाव घेतल्यामुळे हे दोन धागे वेगळे करता आले. नववी-दहावीच्या मुलांना ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणजे काय हे सांगताना आपण दोन कुंड्यांतल्या रोपांचे उदाहरण देतो. त्यापेक्षा हे उदाहरण त्यांच्या अधिक लक्षात राहील.

निष्कर्ष असा आला की, श्रोतृमंडळाच्या गावांत माहितीत ठळक वाढ झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथे वाढ थोडी होती, आणि रेडिओ नसलेल्या गावांपेक्षा ती फार पुढे गेलेली नव्हती. आवाज तोच, शब्द तेच, तीच संध्याकाळ. फरक होता तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा.

असे का व्हावे? याचे एक उत्तर त्याआधी तेरा-चौदा वर्षांपूर्वी अमेरिकेत सापडले होते, आणि तेही एका निर्वासिताला. कुर्ट लेविन हे जर्मनीतून आलेले मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात चांगले मांस सैन्याकडे जात होते आणि गृहिणींनी जनावराचे हृदय, गुर्दे असे एरवी टाळले जाणारे भाग घरात शिजवावेत अशी सरकारची इच्छा होती. लेविन यांनी आयोवा राज्यात तेरा ते सतरा बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिले: पोषणमूल्य, देशाची गरज, स्वस्ताई, वर पाककृतींचे कागद. उरलेल्या तीन गटांत ‘आपल्यासारख्या बायकांना हे करता येईल का, आडचण कशाची येईल’ यावर चर्चा करून शेवटी कोण करून पाहणार ते हात वर करून विचारले. काही दिवसांनी चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी नवा पदार्थ केला होता. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

माणूस सवय बदलत नाही ते माहिती नसते म्हणून असे नाही. चारचौघांत आपण वेगळे पडू ही भीती असते. चौघेच जर एकत्र ठरवत असतील, तर ती भीती उरत नाही. कंपोस्टचा खड्डा खणायचा की नाही, पोराला देवीची लस टोचून घ्यायची की नाही, हे खेड्यातला माणूस एकटा ठरवत नसतो. रेडिओने सांगितले म्हणून तो हलत नाही. पण पारावर ज्यांच्या मताला वजन आहे असे चार लोक “करून बघू” म्हणाले, तर हलतो.

तरीही हे निष्कर्ष डोळे झाकून घेऊ नयेत. लेविन यांच्या चर्चागटांना ‘आम्ही नंतर विचारायला येऊ’ असे सांगितलेले होते, व्याख्यान ऐकणाऱ्यांना सांगितले नव्हते. हा फरक लहान नाही. गृहपाठ तपासणार असे सांगितले की तो होतो, हे आपल्याला सांगायला नको. पुण्याच्या प्रयोगातही मंडळाची गावे एकाएकी प्रकाशझोतात आली होती. अधिकारी येत होते, परदेशी पाहुणे येत होते, आपल्या गावाचे पत्र रेडिओवरून वाचले जाईल अशी उत्सुकता होती. दहा आठवडे कोणीही नेटाने काम करतो. तिसऱ्या वर्षी काय होईल हे दहा आठवड्यांच्या प्रयोगातून कळत नाही.

माहितीच्या वाढीपेक्षाही आम्हाला महत्त्वाची वाटते ती न्यूराथ यांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट. मंडळे केवळ ऐकण्यापुरती राहिली नाहीत. गावाची कामे ठरवणे, त्यासाठी माणसे जमवणे, पाठपुरावा करणे हे ती करू लागली, आणि पुष्कळदा निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा लवकर. पंचायतीत ज्यांना कधी बोलायची संधी मिळाली नसती असे लोक इथे निर्णयात सहभागी होऊ लागले. रेडिओ ऐकायला जमलेल्या माणसांनी गावसभा तयार केली, असेच म्हणायला हवे. एकच मोठी उणीव राहिली. ही मंडळे प्रामुख्याने पुरुषांची होती. कॅनडातली बैठक घरात भरे; इथली चावडीत किंवा देवळात भरे, आणि चावडीत बायका येऊन बसत नाहीत. मुलांच्या आजारावर, पिण्याच्या पाण्यावर, घरातल्या आहारावर चर्चा होई ती ज्यांना पाणी आणायचे नव्हते आणि चूल पेटवायची नव्हती त्यांच्यात.

पुढे काय झाले?

यशस्वी प्रयोगाचे पुढे जे होते तेच झाले. १९५९ मध्ये श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू झाली. घानासारख्या देशाने १९६४-६५ मध्ये तिचे अनुकरण केले. आपल्याकडे मंडळांची संख्या हजारांत गेली आणि त्यांतली पुष्कळशी हळूहळू कागदावर उरली.

१५० गावांची पत्रे वाचता येतात. हजारो गावांची कोण वाचणार? पत्रांना उत्तरे उशिरा येऊ लागली किंवा येईनाशी झाली, की निमंत्रकाने तरी पत्र का लिहावे? बिघडलेला सेट दुरुस्त व्हायला महिने लागत. आणि त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. १९४७ मध्ये अमेरिकेत शोधला गेलेला हा चिमुकला घटक तार न तापवता व्हॉल्व्हचे काम करतो, त्यामुळे दोन-चार लहान सेलांवर रेडिओ चालू लागला. १९६०च्या दशकात तो खेड्यांत शिरला आणि शेतकऱ्याच्या खांद्याला लटकून बांधावर गेला. ऐकणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढली. तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी भाताच्या एका नव्या जातीला ‘रेडिओ भात’ असे नाव दिले, इतका रेडिओचा प्रभाव होता. पण चावडीत जमण्याचे कारण गेले. ज्याला शंका आली त्याच्या शेजारी आता कोणी बसलेले नव्हते.

पुण्याच्या शेजारीच, सातारा जिल्ह्यात, १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रात पसरली. तिची पद्धत याच्या अगदी उलट होती: यंत्र काहीच नाही, सगळी माणसेच. गावाने देवळात जमून शपथ घ्यायची, शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी बिनमोबदला वर्ग घ्यायचे, सगळे प्रौढ साक्षर झाले की थाटात ग्रामगौरव समारंभ. उत्साह प्रचंड होता आणि तो खराही होता. मात्र समारंभानंतर नवसाक्षरांच्या हाती वाचायला काही आले नाही, त्यांना पुन्हा भेटायला कोणी गेले नाही, आणि अनेकजण अक्षरे विसरले. पुण्यात यंत्र टिकले आणि मंडळी पांगली. साताऱ्यात मंडळी जमली, पण त्यांच्यापर्यंत पुढे काही पोहोचत राहिले नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या प्रयोगातून अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या दोन हजारांहून अधिक खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या वर्षी हजारो प्राथमिक शिक्षकांना याच मार्गाने विज्ञानाचे प्रशिक्षण दिले गेले, आणि तिथे मात्र पुण्याचा धडा पाळलेला दिसतो: दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, हाताने करायचे प्रयोग आणि प्रत्येक केंद्रावर शंका सोडवायला एक माणूस.

तारेवरून आलेले वर्ग

आता इंटरनेटकडे येऊ. २०१२ च्या सुमारास जगातल्या नामवंत विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना फुकट खुले केले तेव्हा शिक्षणाचा प्रश्नच मिटला, असे लिहिणारे पुष्कळ होते. आपल्याकडे २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या अशा अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ३ जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. नाव नोंदवणाऱ्यांत नुसते डोकावून जाणारे बरेच असतात, हे खरे. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत निम्म्याच्या थोडे खाली लोक शेवटपर्यंत टिकले. तरी ‘रेडिओ आहे पण मंडळ नाही’ अशा गावाची आठवण हा आकडा वाचून येतेच.

त्याच काळात एक वेगळा प्रयत्न बंगळूरजवळच्या खेड्यांत २००६ पासून आकार घेत होता, जो पुढे ‘डिजिटल ग्रीन’ म्हणून ओळखला गेला. जवळच्याच शेतकऱ्याची त्याच्याच बोलीतली छोटी चित्रफीत, ती पाहायला जमलेला वीस-तीस जणांचा गट आणि ती मध्येच थांबवून “तुमच्याकडे असे होते का?” म्हणून विचारणारी गावातलीच एक व्यक्ती. प्रेक्षक आधी विचारत, “हा शेतकरी कोण? कुठल्या गावचा?” नेहमीच्या कृषिविस्ताराच्या तुलनेत त्याच खर्चात नवी पद्धत स्वीकारणारे सुमारे दहापट जास्त निघाले, असे त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासात आढळले. अभ्यास प्रवर्तकांनीच केलेला होता, हे लक्षात घेऊनही आकडा मोठा आहे.

महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनने २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या गटांची स्पर्धा सुरू केली आणि तिच्या जोडीला ऑनलाइन शेतीशाळा भरवल्या. कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ मोबाइलच्या पडद्यावर बोलतात आणि शेतकरी तिथेच प्रश्न विचारतात. भाग घ्यायचा तर आधी गट करावा लागतो. १९५६ मध्ये पुण्याला गेलेल्या पत्राचे उत्तर येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाण्याची धास्ती असे. इथे फवारणी करण्याआधी उत्तर मिळते.

शाळांचे चित्र मात्र मिश्र आहे. २०२०च्या टाळेबंदीत पालकांचे व्हॉट्सॲप गट घराघरांत पोहोचले आणि पुढेही राहिले. त्यांतल्या अनेक गटांवर ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही २०१८ पासून मिळणारी सोय चालू केलेली असते. त्याचे कारण कोणत्याही वर्गशिक्षकाला विचारा: रोजचे सुप्रभात, वाढदिवस, राजकारणाचे अग्रेषित संदेश. पण त्याबरोबर “ताई, हे गणित माझ्या पोरीला असे का येत नाही?” हा प्रश्नही बंद होतो, आणि तो विचारणारी आई दुसऱ्या आईला विचारू शकली असती तेही. सर्व गट बंद ठेवायचे की सगळे खुले, असे दोनच पर्याय आहेत असे नाही. पाच-सात पालकांचे लहान गट वस्तीनुसार करून ते खुले ठेवणारे शिक्षक आहेत. सूचनांचा मोठा गट वेगळा.

२०२२ मध्ये राज्यात झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात हेच वेगळ्या रीतीने केले गेले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे वस्तीवस्तीत माता पालक गट झाले. दर आठवड्याला कृतीची एक छोटी चित्रफीत मोबाइलवर येई. सगळ्यांकडे तसा फोन नसतो, म्हणून गटातली एक ‘लीडर माता’ ती इतरांना दाखवी आणि मग फोन बाजूला ठेवून बिया, खडे, काड्या घेऊन बायका मुलांबरोबर ती कृती करीत. बैठक अंगणात किंवा ओट्यावर भरे. चावडीत जायचे नव्हते.